दोनशेचं टाक

पेट्रोलचा भाव कागदोपत्री लिटरवर ठरतो, पण धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या ईट गावाच्या आसपास लिटरच्या भाषेत पेट्रोल मागणारा माणूस शोधूनही सापडायचा नाही. इथं तेल रुपयांत घेतात. मोटारसायकलवाला 'शंभरचं टाक' म्हणतो, चारचाकीवाला 'हजारचं टाक' म्हणतो, आणि सोयाबीनचे पैसे नुकतेच खात्यावर आले असतील तर काच खाली करून 'दोन हजारचं होऊ दे' म्हणतो. टाकी फुल करणारा दिसलाच तर तो पुण्याहून सुट्टीला आलेला असतो, नाहीतर निवडणुकीला उभा असतो. पंपावरचा पोरगाही शून्य दाखवून झालं की लिटरकडं बघत नाही, त्याचा डोळा रुपयांच्या आकड्यावर.

यामुळं होतं काय, की भाव वाढला तरी पंपावर काहीच घडत नाही. नोट तीच, मागणं तेच. लहान होतो तो लिटर, आणि तो लहान झाल्याचं कळतं दोन दिवसांनी, खर्ड्याच्या बाजाराहून परत येताना काटा लाल पट्टीला टेकतो तेव्हा. २०२१ साली पेट्रोलनं शंभरी गाठली त्या दिवसांत भोपाळला काही पंपांवरच्या जुन्या यंत्रांत तीन आकडी दर बसेना, म्हणून प्रीमियम पेट्रोल विकणंच बंद करावं लागलं होतं. आपल्याकडं यंत्रापेक्षा सवय अडली. शंभराच्या नोटेत पुरा लिटर बसेनासा झाला, तरी 'शंभरचं टाक' तोंडातून जाईना. हळूहळू त्याचं 'दोनशेचं टाक' झालं. मधल्या काळात लोक कमी फिरले असं मला काही दिसलं नाही. पंपावर मात्र जास्त वेळा दिसले.

आणि ज्याला पंपापर्यंतही जायचं नाही त्याच्यासाठी किराणा दुकानातली बाटली आहे. पाण्याच्या बाटलीत भरलेलं, उन्हात पिवळसर चमकणारं पेट्रोल, लिटरमागं दहा-वीस रुपये जास्त देऊन. कायद्यात बसत नाही, गावात बसतं. वर्तमानपत्रातल्या पन्नास पैशांच्या दरवाढीवर तावातावानं बोलणारा माणूस वीस रुपये जादा देऊन ती बाटली मुकाट्यानं गाडीत ओतताना दिसतो, तेव्हा भाव आणि प्रवास यांचं नातं आपण समजतो तितकं सरळ नसावं अशी शंका येते.

अर्थशास्त्रज्ञांनी ती शंका बरीच आधी घेतलेली आहे. भाव दहा टक्क्यांनी चढला तर पेट्रोलचा खप लगोलग त्या मानानं थोडाच उतरतो, असं निरनिराळ्या देशांतल्या बहुतेक अभ्यासांतून दिसतं. जास्त फरक पडतो तो काही वर्षांनी, लोक गाडी बदलतात, घर बदलतात, नोकरीचा रस्ता बदलतात तेव्हा. ईटला घर बदलायचा प्रश्न नाही. शेत जिथं आहे तिथंच राहणार. तालुक्याला, म्हणजे भूमला, कामं पडतात. जिल्ह्याचं ठिकाण धाराशिव लांब. बाजार आणि दवाखाना म्हटलं की बार्शी, ती सोलापूर जिल्ह्यात. दुसऱ्या अंगाला जामखेड, ते अहिल्यानगर जिल्ह्यात. एमएच २५ च्या पाट्या लावलेल्या गाड्यांचा निम्मा जन्म दुसऱ्याच्या जिल्ह्यात जातो. अशा कोपऱ्यातल्या माणसाला 'भाव वाढला, फिरणं कमी करा' हा सल्ला देणारा बहुधा मेट्रोनं जाणारा असतो.

भाव वाढतो कसा हेही एकदा नीट बघायला हवं. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये महागड्या पेट्रोलसाठी परभणीचं नाव देशभर झालं. परभणीनं काही पाप केलं नव्हतं. तेल यायचं ते थेट मनमाडच्या डेपोतून, तीनशेच्या वर किलोमीटर टँकर चालवून. म्हणजे पेट्रोल आणायला जाळलेलं डिझेल पेट्रोलच्या भावात. मराठवाड्याचं दूरपण असं लिटरमागं काही पैशांत मोजून मिळतं. त्यावर कर. त्यातला एक कर तर मी विसरूच शकत नाही. २०१५ च्या सप्टेंबरअखेर राज्य सरकारनं पेट्रोल-डिझेलवर लिटरमागं २ रुपये वाढवले, कारण दुष्काळ होता आणि दुष्काळग्रस्तांसाठी पैसा हवा होता. दुष्काळ कुठं होता? तर इथंच, भूम-परंड्याला, बीडला, लातूरला. ज्याची विहीर आटली तोच टँकर सांगायला पंचायत समितीत हेलपाटे घालत होता आणि प्रत्येक हेलपाट्याला स्वतःच्या दुष्काळाचा कर भरत होता. २०१६ ला पाऊस चांगला झाला. कर उतरला नाही; २०१७ च्या एप्रिलात पेट्रोलवरचा अधिभार उलट आणखी ३ रुपयांनी चढला. पाऊस पडल्यावर दुष्काळ सरतो, दुष्काळाचा कर सरत नाही.

२०२० च्या एप्रिलात तर जगात उफराटंच झालं. २० तारखेला अमेरिकेच्या वायदेबाजारात कच्चं तेल शून्याच्या खाली, उणे ३७ डॉलरवर गेलं. तेल न्या आणि वर पैसेही घ्या. टाळेबंदीत घरी बसलेल्या लोकांनी ती बातमी एकमेकांना पाठवली. मे महिन्यात केंद्रानं पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क १० रुपयांनी आणि डिझेलवरचं १३ रुपयांनी वाढवलं, आणि पंपावरचा भाव होता तिथंच राहिला. जगात तेल चढलं की आपल्याकडं चढतं, आणि जगात उतरलं की मधल्या मध्ये कुणीतरी उतरवून घेतं, ही समजूत गावात पक्की झाली ती तेव्हापासून. ती सर्वस्वी खोटी आहे असं म्हणायला माझ्याकडं काही आधार नाही.

मनमाडच्या डेपोवरून आणखी एक आठवलं, आठवू नये असं. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ तेलभेसळ करणाऱ्या टोळीनं भर दिवसा जिवंत जाळलं. भेसळीचं मूळ साधं होतं. रेशनचं रॉकेल स्वस्त, डिझेल महाग; दोन टाक्यांमधल्या भावाच्या फरकावर अख्खा धंदा उभा. त्या काळातल्या काळ्या-पिवळ्या जीपच्या मागं बसलेल्या कुणालाही हा धंदा नाकानं कळायचा. जीप सुरू झाली की स्टोव्ह पेटवल्याचा वास यायचा.

आता ॲव्हरेज.

हा प्रश्न आपल्याकडं गाडी बघितल्यावर नमस्काराच्या आधी विचारतात. रंग नंतर, किंमत नंतर, 'काय देती?' आधी. उत्तर देणाराही तयार असतो. आमचे मामा निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडं एक जुनी वॅगन आर आहे आणि तिच्या हातमोज्यांच्या कप्प्यात दोनशे पानी वही. हातमोजे त्या कप्प्यात कुणी ठेवलेले मी आजवर पाहिले नाहीत. मामांच्या कप्प्यात वही, एक निळा पेन आणि तुळजाभवानीचा फोटो असतो. वहीत पट्टीनं रेघा मारून रकाने पाडलेत. तारीख, कितीचं टाकलं, भाव, किलोमीटरचा काटा, कुठं गेलो, आणि शेवटी लाल शाईनं ॲव्हरेज. अक्षर हजेरीपटातलं. गैरहजर विद्यार्थ्याला मारावी तशी फुली मारलेल्या काही ओळीही त्यात आहेत. त्या दिवशी गाडी भाच्यानं नेली होती आणि त्याचा हिशेब मामा धरत नाहीत.

"बावीस देती," मामा सांगतात.

"अन् आमी बसलो की अठरा," आतून मामी.

दोघंही खरंच सांगतात. कंपनीच्या कागदावरचा आकडा मात्र या दोन्हींपेक्षा मोठा आहे. तो आकडा कुठून येतो? पुण्यात कोथरूडच्या माथ्यावर वेताळ टेकडी आहे, तिथं १९६६ साली सुरू झालेली, गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था. पुणेकर सकाळी फिरायला जातात ती 'एआरएआयची टेकडी' हीच. तपासणीत गाडी रस्त्यावर जातच नाही. तिची चाकं रोलरवर ठेवतात आणि ठरवून दिलेल्या वेगानं ती जागच्या जागी वीस मिनिटांच्या आत साडेदहा किलोमीटरच्या आसपास पळवतात. एसी बंद. वारा नाही, चढ नाही, वेग नव्वदच्या वर नाही. समोर उसाची ट्रॉली नाही, टपावर खव्याचे डबे नाहीत, मागं तीन बायका आणि त्यांच्या मांडीवर चार पोरं नाहीत. गाडी इथं तपासलेली असो की हरियाणात मानेसरला, लोक त्या आकड्याला 'एआरएआयचं ॲव्हरेज'च म्हणतात आणि त्यातून पाच वजा करून बोलतात. हे वजा पाच कुठल्या पुस्तकात नाही, पण बालाघाटाच्या चढणी-उतरणीवर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे.

त्या वहीत काय आहे यापेक्षा काय नाही ते मला जास्त बघावंसं वाटतं. विम्याचा रकाना नाही. टायरचा नाही. बॅटरी बदलली त्याचा नाही, आणि गाडी घेताना काढलेल्या कर्जाच्या हप्त्यांचाही नाही. "त्ये वेगळं," मामा म्हणतात. ते सगळं मिळवलं तर किलोमीटरला पेट्रोलइतकाच, कदाचित जास्तच, खर्च निघेल. पण तो खर्च गाडी अंगणात उभी असतानाही होत असतो, त्यामुळं तो प्रवासाचा खर्च वाटतच नाही. पेट्रोलचे पैसे हातातून जाताना दिसतात. म्हणून शिव्या सगळ्या पेट्रोलला.

मामांच्या वडिलांचा हिशेब याच्या उलटा होता. त्यांच्याकडं बैलजोडी. बैल उभा राहिला तरी खातो. ज्वारीचा कडबा, सरकी पेंड, पावसाळ्यात हिरवा चारा; गाडीला जुंपा नाहीतर नका जुंपू, गव्हाण भरावीच लागते. मग बैल रिकामा उभा ठेवणं हाच तोटा. त्यामुळं खर्ड्याच्या बाजाराला जाऊ, पाहुण्यांना सोडून येऊ, पंढरपूरला जाऊ, असं घरात सतत काहीतरी निघायचं. इंधन महाग झालं म्हणजे कडब्याचा शेकडा महाग झाला, की फेऱ्या कमी करण्यात काही अर्थ नसे. थेट बैल विकावा लागे. १९७२ च्या दुष्काळात तेच झालं, आणि खडी फोडायला माणसं पायीच गेली. त्याच सुमाराला, १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं, काही महिन्यांत कच्चं तेल तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेलं, आणि १२ नोव्हेंबर १९७३ ला अटलबिहारी वाजपेयी पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. दिल्लीत बैलगाडी निषेधाला मिळाली. इथं त्या साली बैलगाडी होती, पुढं जुंपायला बैल नव्हते. पुढं २०१३ ला आणि २०१९ ला चारा छावण्या पडल्या तेव्हा छावणीत बांधलेल्या जनावराची वैरणपाणी बघायला माणसं मोटारसायकलवर शंभरचं टाकून जात होती.

म्हणजे बैलाच्या काळात सगळा खर्च बांधलेला होता, म्हणून माणूस फिरायचा. मोटारीच्या काळात बांधलेला खर्च डोळ्याआड जातो आणि सुटा खर्च तेवढा टोचतो. सुटा खर्च कमी करणारी कुठलीही गोष्ट, मग ती भाव उतरणं असो की ॲव्हरेज वाढणं, माणसाला उंबऱ्याबाहेर काढते.

इंग्लंडमध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाच्या माणसानं १८६५ साली कोळशावर पुस्तक लिहिलं त्यात हेच मांडलं होतं. वॅटच्या सुधारलेल्या वाफेच्या इंजिनानं तेवढ्याच कामाला कोळसा कमी लागू लागला, म्हणून लोकांनी इंजिनं जास्त लावली आणि देशाचा कोळसा जास्त जळला. मोटारींच्या बाबतीत हे इतकं टोकाचं नाही. केनेथ स्मॉल आणि कर्ट व्हॅन डेंडर यांनी अमेरिकेतल्या राज्यांची १९६६ ते २००१ ची आकडेवारी तपासून २००७ मध्ये दाखवलं, की वाढलेल्या ॲव्हरेजमधून होणाऱ्या बचतीपैकी साधारण साडेचार टक्के लगेच आणि बावीस टक्के लांबच्या पल्ल्यात जादा फिरण्यात जाते. उत्पन्न वाढतं तसं हे प्रमाण घटतं, असंही त्यांना आढळलं. श्रीमंत माणसाला किलोमीटरला दोन रुपये वाचले म्हणून कुठं जावंसं वाटत नाही. त्याला जिथं जायचं तिथं तो आधीच जाऊन आलेला असतो. मग ईटला हे प्रमाण अमेरिकेपेक्षा जास्त असणार असं मला वाटतं, आणि त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. फिरोदियांच्या कायनेटिकची लुना १९७२ ला आली, हिरो होंडाची सीडी १०० १९८५ ला आली. तेल कमी पिणाऱ्या या गाड्यांनी मराठवाड्यात तेल वाचवलं नाही, माणसं हलवली. पायी जाणारा शिक्षक लुनावर बसला, एसटीची वाट बघणारा दूधवाला सीडी १०० वर. त्यांचं आधीचं ॲव्हरेज अनंत होतं, कारण ते तेल जाळतच नव्हते.

डिझेलची गोष्ट मात्र वेगळी आणि जरा लबाड आहे. डिझेल वर्षानुवर्षं स्वस्त ठेवलं ते शेतकऱ्याच्या नावावर. पंप, ट्रॅक्टर, मालट्रक, एसटी. जून २०१० मध्ये पेट्रोलचा भाव मोकळा केला, डिझेलचा बांधलेला राहिला, आणि दोहोंतली दरी रुंदावत गेली. २०१२-१३ च्या सुमाराला देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींत निम्म्याहून जास्त डिझेलच्या होत्या. शेतकऱ्याच्या इंजिनासाठी दिलेली सवलत हायवेवरच्या मोठ्या पांढऱ्या गाड्या प्यायल्या. जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला पन्नास-पन्नास पैशांनी चढवत नेलं, ऑक्टोबर २०१४ ला मोकळं केलं. दरी बुजत आली तशा डिझेल मोटारी ओसरल्या. मारुतीनं तर २०२० च्या एप्रिलात डिझेल मोटारी बनवणंच थांबवलं. भावाचा मोटारींवर परिणाम बघायचा तर तो इथं, स्पष्ट दिसतो. लोकांनी फिरणं बदललं नाही, गाडी बदलली.

आणि गाडी बदलताना ती मोठी घेतली. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली ती साडेसहाशे किलोच्या आसपास होती. आजची लहानातली एसयूव्हीसुद्धा हजार-बाराशे किलोची. चाळीस वर्षांत इंजिनवाल्यांनी जे कमावलं त्यातलं बरंचसं पत्रा, एअरबॅग, रुंद टायर आणि रुबाब यांनी खाल्लं. एअरबॅगला माझी तक्रार नाही. रुबाबाला आहे, पण लग्नात नवरदेव पुढं कुठल्या गाडीत बसतो यावर जिथं सोयरिकीची किंमत ठरते तिथं माझ्या तक्रारीला कोण विचारतो.

पुणे ते ईट सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास धरा. लिटरला वीस किलोमीटर आणि लिटरला १०५ रुपये धरले तर एका बाजूचं पेट्रोल बाराशेच्या आतबाहेर. एकटा आलो तर बाराशे, चौघं आलो तर माणशी तीनशे. जानेवारी २०२५ मध्ये जवळपास १५ टक्क्यांनी भाडं वाढल्यावर साध्या एसटीचं तेवढ्या अंतराचं पूर्ण तिकीट साडेतीनशे-पावणेचारशेच्या घरात जातं. म्हणजे भरलेली मोटार एसटीपेक्षा स्वस्त आणि रिकामी मोटार तिप्पट महाग. ॲव्हरेज वीसचं चोवीस करायला कंपन्यांना दहा वर्षं लागतात. मागच्या सीटवर आणखी एक माणूस घेतला की दरडोई हिशेब त्याहून जास्त सुधारतो. गावात हे शास्त्र पूर्वीपासून आहे. गाडी बार्शीला निघाली हे कळायला फोन लागत नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळपासून लोक येऊन जातात. कुणाला मोंढ्यात सोडा, कुणाचं चष्म्याचं दुकान, कुणाची नुसती पिशवी द्यायची. पेट्रोल महागलं तेव्हा मामांच्या वहीत बार्शीच्या फेऱ्या कमी झाल्या नाहीत. 'कुठं गेलो' या रकान्यातला मजकूर लांबला. 'बार्शी' ऐवजी 'बार्शी, बियाणे, पाटील दवाखाना, बँक, गॅस शेगडी' असं रकान्याबाहेर गेलेलं.

'तेल टाकायचं' या प्रथेचाही दर ठरलेला असतो, आणि तो कुठं लिहिलेला नसतो. सख्खे नातेवाईक तेल टाकत नाहीत, चहा पाजतात. भावकीतले 'दोनशेचं टाकू का?' असं विचारतात, आणि विचारण्याच्या सुरावरून उत्तर 'राहू दे' द्यायचं आहे हे कळतं. ज्यांचा फारसा संबंध नाही ते गुपचूप पाचशेची नोट डॅशबोर्डवर ठेवतात. ही पाचशेची नोट पेट्रोल सत्तरला होतं तेव्हाची आहे. पेट्रोल कितीही वाढलं तरी तिचे सहाशे करायची छाती अजून कुणाला झालेली नाही, आणि सहाशे मागायची मामांना.

मधल्या काळात मामीनं मात्र आपला मार्ग बदलला. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी ७५ वर्षांवरच्यांना एसटी फुकट झालीच होती, त्यामुळं मामांच्या आईंचं तिकीट शून्य. सासू-सुना आता माहेरपणाला, जत्रेला, डॉक्टरला एसटीनं जातात, आणि मामा एकटे, पूर्ण तिकिटाचे पैसे वाचवायला म्हणून, गाडीनं मागून जातात. यात कुठलं अर्थशास्त्र आहे ते मी त्यांना विचारलं. मामी म्हणाली, "निम्म्या तिकिटात मी खिडकीला बसते. तुमच्या मामाच्या गाडीत बसलं की सारखं ॲव्हरेज ऐकावं लागतंय." पेट्रोल शंभरावर गेलं तेव्हा जे झालं नाही ते एसटीचं तिकीट निम्मं झाल्यावर झालं. मोटारीतून एक सवारी उतरली.

अलीकडं वहीत एक नवीन खूण आली आहे, ॲव्हरेजच्या आकड्याशेजारी पेन्सिलनं लिहिलेलं 'उ'. म्हणजे ऊस. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल यायला लागल्यापासून आपली गाडी एकानं-दीडानं कमी देते असं मामांचं ठाम मत आहे. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, हे रसायनशास्त्र झालं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच, त्या मिश्रणासाठी न बनवलेल्या चारचाक्यांचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. बावीसचे सहा-सात टक्के म्हणजे दीड. मामांची लाल शाई आणि नीती आयोग इथं एकाच ओळीवर येतात. फक्त मामांचा दुसरा एक हिशेब आहे जो नीती आयोगाला नाही. त्यांचा दोन एकर ऊस कारखान्याला जातो. ऊस इथेनॉलला जातो म्हणून त्याचं बिल वेळेवर निघायची आशा, आणि इथेनॉल पेट्रोलला जातं म्हणून गाडीचं ॲव्हरेज कमी. "एका खिशातनं काढून दुसऱ्या खिशात," मी म्हणालो. "तसं न्हाई," मामा म्हणाले, "बिल वर्षानं येतं, पेट्रोल आज टाकावं लागतं." ऊस पाण्यावर येतो, आणि पाणी या तालुक्यात पेट्रोलपेक्षा कमी भरवशाचं, हा तिसरा खिसा आम्ही दोघांनीही काढला नाही.

काही फेऱ्या वहीत ॲव्हरेजशिवाय आहेत. रकाना कोरा, नुसती तारीख आणि 'बार्शी'. गावातल्या एकाला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला नेत होते तो काळ. सांगायला गेलं तर १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे आणि अडीनडीला तीच धावून येते. पण उपचाराच्या रोजच्या फेऱ्यांना रुग्णवाहिका कोण बोलावतं? त्या महिन्यात पेट्रोल किती होतं, हे मामांना आठवत नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभरांतल्या पाचांहून कमी घरांत मोटार होती, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ती साडेसात टक्क्यांच्या आसपास निघाली. म्हणजे उरलेली नव्वदवर घरं असल्या वेळी दुसऱ्याच्या दाराशी जातात. गावातली मोटार खाजगी असते ती आरटीओच्या पुस्तकात.

म्हणून पेट्रोलचा भाव वाढला की ईटला मोटारी किती कमी धावतील, असा प्रश्न कुणी केला तर मी त्याला २०२१-२२ चा एसटीचा संप आठवायला सांगतो. ऑक्टोबरअखेरपासून एप्रिलपर्यंत गाड्या आगारात उभ्या होत्या. पेट्रोल तेव्हा शंभराच्या वरच होतं, आणि त्याच दिवसांत आमच्या आळीत जुन्या मोटारी आल्या. कुणाची अल्टो, कुणाची व्हॅन, कुणाची तिसऱ्या हातची इंडिका. संप मिटला, त्या मोटारी गेल्या नाहीत. एकदा दारात आलेली मोटार विकणं म्हणजे पत उतरल्याची दवंडी. मामी म्हणते, सकाळच्या गाड्या ठीक आहेत, पण बार्शीहून रात्री आठच्या पुढं भूममार्गे ईटला येणारी एक एसटी नेमानं सुरू झाली तर दवाखान्यातून परतणाऱ्या निम्म्या लोकांना मोटार लागायची नाही. मामांना हे पटत नाही. आठची गाडी सुटली तर, असं ते विचारतात. मामी म्हणते, मग नऊची.